गो भाषेत प्रोग्रॅमिंग करताना होणाऱ्या १० चुका आणि त्यावरचे उपाय

आज आपण गो या प्रोग्रॅमिंग भाषेबद्दल बोलणार आहोत. गो शिकायला सोपी आहे आणि कंपायलर कडक आहे. वापर नसलेलं एखादं व्हेरिएबल राहिलं तरी तो प्रोग्रॅम बनवून देत नाही. त्यामुळे नव्या माणसाला वाटतं, की कंपायल झालं म्हणजे सगळं बरोबर आहे. या लेखात आपण अशा १० चुका बघू, ज्या करताना कंपायलर बहुतेक वेळा एक अक्षरही बोलत नाही. त्यातल्या काही चुका खास मराठी मजकुरामुळे होतात आणि इंग्रजी पुस्तकांत त्या सहसा सापडत नाहीत.

आधी माझीच चूक सांगतो. माझं घर पाचाडला, रायगडाच्या पायथ्याशी. काकांचं किराणा दुकान महाडला, इथून साधारण २५ किलोमीटरवर. जुलै २०२१ च्या पुरात सावित्रीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा दुकानातलं काहीच उरलं नव्हतं. तेव्हापासून काकांना पावसाळ्यात एकच प्रश्न असतो, माल माळ्यावर कधी चढवायचा? म्हणून मी गोमध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. दर १० मिनिटांनी एका वेबसाइटवरून पावसाचा आकडा आणायचा आणि घरच्यांच्या मोबाइलवर दाखवायचा.

पुढे एका जुलैत रात्री धो धो पाऊस लागला. काकांनी २ वाजता उठून मोबाइल बघितला. आकडा होता ८ मिलिमीटर. ते परत झोपले. पहाटे शेजाऱ्यांनी दार वाजवलं तेव्हा पाणी दुकानाच्या आत आलं होतं. खालच्या फळीवरची साखरेची दोन पोती गेली. सकाळी काका एवढंच म्हणाले, "अरे, तुझा आकडा तर आठच सांगत होता." तो आकडा रात्री ९ वाजताचा होता. प्रोग्रॅम बंद पडला नव्हता, एररही आली नव्हती. तो ९ वाजल्यापासून एका उत्तराची वाट बघत बसला होता.

गो म्हणजे नेमकं काय?

गो भाषेची सुरुवात २००७ मध्ये गूगलमध्ये झाली. रॉबर्ट ग्रीझमर, रॉब पाइक आणि केन थॉम्पसन हे तिचे मूळ कर्ते. नोव्हेंबर २००९ मध्ये ती सगळ्यांसाठी खुली झाली आणि मार्च २०१२ मध्ये १.० आवृत्ती आली. डॉकर आणि कुबरनेटीस ही प्रसिद्ध सॉफ्टवेअर गोमध्येच लिहिलेली आहेत.

लॅपटॉप नसेल तरी चालेल. मोबाइलच्या ब्राउझरमध्ये 'गो प्लेग्राउंड' उघडा आणि तिथेच कोड चालवा. फक्त लक्षात ठेवा, प्लेग्राउंडमधून बाहेरच्या वेबसाइटला जोडता येत नाही आणि तिथलं घड्याळ नेहमी १० नोव्हेंबर २००९ पासून सुरू होतं. खरं काम करायचं असेल तर अँड्रॉइडवर टर्मक्स ॲप टाकून त्यात गोलँगचं पॅकेज बसवता येतं.

आता एकेक चूक बघू.

१. टाइमआउट न देणं

माझी मुख्य चूक हीच. गोमधलं तयार 'एचटीटीपी डॉट गेट' फंक्शन वापरलं, की एका ओळीत वेबपेज येतं. पण त्यामागच्या डीफॉल्ट क्लायंटला एकूण वेळेची मर्यादाच नसते. कनेक्शन जोडण्यासाठी ३० सेकंदांची मर्यादा असते, पण जोडल्यावर समोरच्या सर्व्हरने उत्तरच दिलं नाही, तर प्रोग्रॅम वाट बघत राहतो. रात्रभर, दोन दिवस, कितीही. जोराचा पाऊस असतो तेव्हा सगळेच पावसाची वेबसाइट बघत असतात. म्हणजे सर्व्हर नेमका तेव्हाच अडखळतो, जेव्हा आकडा सर्वात जास्त हवा असतो.

उपाय: स्वतःचा क्लायंट बनवा आणि त्याच्या टाइमआउट फील्डमध्ये १० किंवा १५ सेकंद द्या. मोठ्या प्रोग्रॅममध्ये कॉन्टेक्स्ट वापरून प्रत्येक विनंतीला वेगळी मुदत देता येते. उत्तर आल्यावर त्याची बॉडी बंद करायलाही विसरू नका, नाहीतर उघडी कनेक्शन साठत जातात.

२. एरर गिळून टाकणं

गोमध्ये बरीच फंक्शन दोन गोष्टी परत देतात, एक उत्तर आणि एक एरर. एररच्या जागी '_' हे चिन्ह टाकलं, की कंपायलर गप्प बसतो. पण समजा मजकुराचा आकडा बनवताना चूक झाली, तर उत्तर म्हणून ० मिळतो. एरर बघितलीच नाही, तर स्क्रीनवर दिसणार '० मिलिमीटर'. धो धो पावसात शून्य! जुना आकडा बरा, इतकं हे वाईट.

याच्याच जोडीची दुसरी चूक ':=' या चिन्हाची. हे चिन्ह नवं व्हेरिएबल तयार करतं. इफच्या किंवा लूपच्या कंसात तुम्ही चुकून '=' ऐवजी ':=' लिहिलंत, तर आत त्याच नावाचं दुसरंच व्हेरिएबल तयार होतं आणि बाहेरचं जसंच्या तसं राहतं. आत एरर आली, बाहेर मात्र 'सगळं ठीक'.

उपाय: '_' टाकण्याआधी स्वतःला विचारा, इथे चूक झाली तर माणसाला काय दिसेल? कंसाच्या आत ':=' दिसलं की एकदा थांबून बघा.

३. मराठी शब्दाची लांबी मोजणं

गोमध्ये स्ट्रिंग म्हणजे बाइट्सची रांग. 'लेन' फंक्शन अक्षरं मोजत नाही, बाइट्स मोजतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट्स घेतं. आता 'पाचाड' हा शब्द घ्या.

– आपल्याला दिसणारी अक्षरं: पा, चा, ड, म्हणजे ३.
– युनिकोडची चिन्हं: प, काना, च, काना, ड, म्हणजे ५. गोमध्ये यांना रून म्हणतात.
– 'लेन'चं उत्तर: १५.

स्क्रीनवर जागा कमी म्हणून पहिले १० बाइट्स कापले, तर चौथ्या चिन्हाचा तुकडा पडतो आणि शेवटी काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह दिसतं. म्हणून काही जण रून मोजून कापतात. तेही पुरत नाही. 'पाचाड'चे पहिले ३ रून घेतले तर उरतं 'पाच'! गावाच्या नावाचा आकडा झाला.

उपाय: बाइट्स मोजायचे असतील तरच 'लेन' वापरा. चिन्हं मोजायला 'यूटीएफ८' पॅकेजमधलं रून काउंट आहे. डोळ्यांना दिसणारी अक्षरं मोजायची सोय गोच्या मूळ लायब्ररीत नाही, त्यासाठी 'युनिसेग'सारखं बाहेरचं पॅकेज लागतं. आणि शक्य असेल तर मजकूर कापूच नका, ते काम स्क्रीनकडे सोडा.

४. दिसायला सारखे, पण वेगळे शब्द

रायगडाच्या 'पायऱ्या' शोधायला गेलात आणि यादीत असूनही सापडल्या नाहीत, असं होऊ शकतं. कारण 'पायऱ्या' हा शब्द तीन प्रकारे टाइप होतो. पहिल्या प्रकारात 'ऱ' हे एकच चिन्ह असतं आणि शब्द २१ बाइट्सचा होतो. दुसऱ्यात 'र' आणि खालचा नुक्ता ही दोन वेगळी चिन्हं असतात. तिसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह असतं, जसं 'पायर्‍या'. दुसरा आणि तिसरा शब्द २४ बाइट्सचा. डोळ्यांना तिन्ही सारखे, पण गोचं '==' बाइट्स जुळवतं, त्यामुळे उत्तर येतं 'नाही'. कोणता कीबोर्ड कोणतं रूप टाकेल, ते आपल्या हातात नसतं.

उपाय: 'नॉर्म' पॅकेज वापरून मजकूर आधी एनएफसी रूपात आणा. त्याने पहिले दोन प्रकार एक होतात. तिसरा त्याने एक होत नाही. त्यासाठी 'र, हलन्त, जोडचिन्ह' हा क्रम स्वतः शोधून 'ऱ, हलन्त' असा बदलावा लागतो. हे काम मजकूर साठवतानाही करा आणि शोधतानाही.

५. देवनागरी आकडे

फॉर्ममध्ये कुणी '१२०' असं मराठीत लिहिलं. तुम्ही आधी 'युनिकोड डॉट इज डिजिट' वापरून तपासलं. ते म्हणालं, हो, हे आकडेच आहेत. मग 'एटुआय'ला दिलं, तर एरर! कारण एटुआयला फक्त इंग्रजी आकडे समजतात. वर एरर गिळली असेल तर उत्तर ०, म्हणजे चूक क्रमांक २ परत हजर.

उपाय: आधी '०' ते '९' या प्रत्येक चिन्हाच्या जागी इंग्रजी आकडा ठेवा. स्ट्रिंग्ज पॅकेजमधल्या रिप्लेसरने हे सहज होतं. मग रूपांतर करा.

६. मराठी नावं आणि जेसन

१९९२ मध्ये यूटीएफ-८ तयार करणारे थॉम्पसन आणि पाइक हेच पुढे गोच्या कर्त्यांमध्ये होते. त्यामुळे गोच्या कोडमध्ये मराठी मजकूर सरळ लिहिता येतो. मग व्हेरिएबलचं नावही मराठीत देता येईल का? 'गड' हे नाव चालतं. 'पाऊस' चालत नाही! कारण नावात फक्त अक्षर आणि अंक चालतात, आणि युनिकोडच्या हिशोबात काना, मात्रा, वेलांटी ही 'अक्षरं' नाहीत. गोच्या अधिकृत प्रश्नोत्तरांत या नियमामुळे देवनागरी बाहेर राहते, असं स्पष्ट लिहिलेलं आहे.

निदान इथे कंपायलर ओरडतो. पुढची अडचण गुपचूप येते. गोमध्ये नावाचं पहिलं अक्षर कॅपिटल असेल तरच ते पॅकेजच्या बाहेर दिसतं. देवनागरीत कॅपिटल नसतंच, म्हणून 'गड' हे फील्ड जेसनमध्ये जाणारच नाही. मग आपण इंग्रजी कॅपिटल नाव देतो आणि जेसनच्या टॅगमध्ये 'पाऊस' लिहितो. नेहमीचं जेसन पॅकेज टॅगलाही तोच अक्षर-अंकाचा नियम लावतं, तो टॅग सोडून देतं आणि मूळ इंग्रजी नाव वापरतं. एरर नाही, काही नाही.

उपाय: फील्ड आणि टॅग इंग्रजीत ठेवा, मराठी शब्द फक्त किमतीत म्हणजे मजकुरात ठेवा. मराठी की हवीच असेल तर स्ट्रक्टऐवजी मॅप वापरा.

७. रिकामा मॅप, रिकामी स्लाइस

मॅप म्हणजे नाव आणि किंमत यांच्या जोड्या. स्लाइस म्हणजे यादी. दोन्ही नुसते जाहीर केले की ते 'निल' असतात, पण दोघांचा स्वभाव वेगळा. निल स्लाइसला अपेंडने नवी गोष्ट जोडली तर बिनधास्त चालतं. निल मॅपमधून वाचलं तरी चालतं, पण त्यात लिहायला गेलात की प्रोग्रॅम पॅनिक होऊन पडतो.

उपाय: मॅप वापरण्याआधी 'मेक' करून घ्या. स्ट्रक्टच्या आत मॅप असेल तर हे हमखास विसरतं, तिथे जास्त लक्ष द्या.

८. एकाच यादीचे दोन मालक

समजा यादी आहे: पाचाड, महाड, पोलादपूर, बिरवाडी, वरंध. तुम्ही पहिली तीन गावं वेगळी काढलीत आणि त्यांना अपेंडने 'नाते' जोडलंत. नवी यादी बरोबर दिसते. पण मूळ यादी बघा, बिरवाडी गायब आणि तिथे नाते! कारण कापलेली स्लाइस त्याच मूळ जागेवर बोट ठेवून असते. मागे जागा शिल्लक असेल तर अपेंड तिथेच लिहितं, नसेल तरच नवी जागा घेतं. म्हणून ही चूक कधी दिसते, कधी दिसत नाही.

उपाय: वेगळी यादी हवी असेल तर खरी प्रत काढा. १.२१ आवृत्तीपासून 'स्लाइसेस' पॅकेजमध्ये क्लोन फंक्शन आहे.

९. गो-रूटीनची घाई

फंक्शनच्या आधी 'गो' शब्द लिहिला की ते बाजूला चालू होतं. याला गो-रूटीन म्हणतात. हे इतकं हलकं असतं, की सुरुवातीला सुमारे २ किलोबाइटचा स्टॅक पुरतो. पण तीन गोष्टी गंडतात.

पहिली, मेन फंक्शन संपलं की बाकीची कामं अर्धवट सोडून प्रोग्रॅम बंद होतो. थांबायचं असेल तर वेटग्रुप वापरा. त्यात 'ॲड' हे गो-रूटीन सुरू करण्याआधी करा, आत नको.

दुसरी, एकाच मॅपमध्ये दोन गो-रूटीन एकाच वेळी लिहायला लागली, की गो प्रोग्रॅमच पाडू शकतो, आणि ही पडझड रिकव्हरने सावरत नाही. म्यूटेक्स लावा, म्हणजे एका वेळी एकच जण आत जाईल.

तिसरी, चॅनेलवर पाठवलं आणि घेणारं कुणीच नसेल, तर ते गो-रूटीन कायमचं अडकून राहतं. माझ्या प्रोग्रॅमसारखंच, वाट बघत.

जुन्या कोडमध्ये अजून एक गंमत दिसेल. लूपमध्ये गो-रूटीन सुरू केली की सगळी शेवटचंच गाव छापायची, कारण लूपचं व्हेरिएबल सगळ्या फेऱ्यांना एकच असायचं. फेब्रुवारी २०२४ च्या १.२२ आवृत्तीपासून प्रत्येक फेरीला नवं व्हेरिएबल मिळतं. पण तुमच्या 'गो डॉट मॉड' फाइलमध्ये १.२२ किंवा पुढची आवृत्ती लिहिलेली असेल तरच. कंपायलर नवा आणि फाइलमधली ओळ जुनी, तर वागणंही जुनंच.

उपाय: टेस्ट चालवताना 'रेस' हा फ्लॅग लावा. एकाच जागी दोघे लिहीत असतील आणि टेस्टमध्ये ते घडलं, तर तो ओळ क्रमांकासकट दाखवतो.

१०. तारीख आणि वेळ

गोमध्ये तारखेचा साचा 'दिवस-महिना-वर्ष' अशा शब्दांनी लिहीत नाहीत. २ जानेवारी २००६, दुपारी ३ वाजून ४ मिनिटं ५ सेकंद हीच तारीख हवी त्या पद्धतीने लिहायची. आपल्याकडची पद्धत हवी तर '०२/०१/२००६', तीही कोडमध्ये इंग्रजी आकड्यांत. इथे आजची तारीख लिहिलीत तर एररशिवाय भलतंच काहीतरी छापलं जातं.

दुसरा घोळ वेळेच्या पट्ट्याचा. बरेच सर्व्हर यूटीसी वेळेवर चालतात, आपण त्यापुढे साडेपाच तास. रात्री २ ची नोंद आदल्या दिवशीच्या संध्याकाळी ८.३० ची दिसते. पावसाच्या हिशोबात हे महाग पडतं, कारण हवामान खातं २४ तासांचा पाऊस सकाळी ८.३० ते दुसऱ्या दिवशी सकाळी ८.३० असा मोजतं.

उपाय: साठवताना यूटीसी, दाखवताना 'एशिया/कोलकाता'. सर्व्हरवर वेळेची माहिती नसेल तर हा पट्टा लोडच होत नाही, म्हणून 'टाइम/टीझेडडेटा' पॅकेज प्रोग्रॅममध्येच जोडून टाका.

कोड पाठवण्याआधी एवढं बघा

– बाहेरच्या प्रत्येक विनंतीला टाइमआउट आहे ना?
– '_' ने कुठली एरर गिळली आहे का?
– मराठी मजकूर, मराठी आकडे आणि 'ऱ' असलेला शब्द टाकून बघितलात का?
– 'गो व्हेट' आणि रेस फ्लॅगसकट 'गो टेस्ट' चालवलंत का?
– नेट बंद करून प्रोग्रॅम चालवून बघितलात का? आणि नेट चालू, पण समोरचा उत्तरच देत नाही, असं करून बघितलात का?

शेवटचा मुद्दा सर्वात महत्त्वाचा. शहरातल्या वायफायवर सगळे प्रोग्रॅम छान चालतात. वापरणारा माणूस ज्या नेटवर आणि ज्या वेळी वापरणार आहे, तसंच करून बघायला हवं.

मी काय बदललं?

टाइमआउट १० सेकंद केला, एरर नोंदवायला लागलो. पण खरा बदल स्क्रीनवर आहे. आता आकड्याशेजारी तो किती वाजताचा आहे ते लिहिलेलं असतं. आकडा ३० मिनिटांपेक्षा जुना झाला तर तो दिसतच नाही, त्याऐवजी लाल अक्षरात येतं: 'माहिती मिळत नाही. फोन करून विचारा.' प्रोग्रॅमला माहीत नसेल तर त्याने तसं सांगायला हवं. हे कंपायलर आपल्याला शिकवत नाही, ते आपणच ठरवायचं असतं.

आणि हो, असा घरगुती प्रोग्रॅम कितीही चांगला असला तरी प्रशासनाचा आणि हवामान खात्याचा इशारा हाच पहिला. काका आता दोन्ही बघतात. शिवाय पावसाळा लागला की साखरेची पोती सरळ माळ्यावर चढवतात. ते म्हणतात, "तुझा प्रोग्रॅम राहू दे, माझा माळा काही हँग होत नाही."

मित्रांनो, गोमध्ये काम करताना तुम्हाला यातली कोणती चूक भोवली? मराठी मजकुरामुळे आलेली एखादी नवी अडचण असेल तर नक्की सांगा, पुढच्या लेखात तिच्याबद्दल बोलू.